उजवा भाग म्हणजे कोणाचा उजवा?

सुलट टाका आणि उलट टाका तुम्हाला येतातच, त्यात वेळ घालवत नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलं की वेणीसारखे गुळगुळीत टाके दिसतात ती सुलटी बाजू, आडव्या गाठी दिसतात ती उलटी. विणकामाच्या इंग्रजी नमुन्यातल्या, म्हणजे लिहिलेल्या सूचनांमधल्या, ‘राइट साइड’ला मराठीत ‘उजवी बाजू’ म्हणणं मात्र कृपा करून थांबवा. ‘सुलटी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. त्याच नमुन्यात पुढे ‘राइट फ्रंट’ (पुढचा उजवा भाग) येतं आणि ते खरोखरच उजवं असतं. दोन्हींना ‘उजवी’ म्हटलं की नवीन विणणारी बाई तिथेच अडकते.

खरी अडचण या उजव्या भागाचीच आहे. पुढून उघड्या स्वेटरचा उजवा भाग म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडचा. तयार स्वेटर समोर पसरून ठेवला की तो आपल्या डाव्या हाताला येतो. म्हणून त्याची बटणपट्टीची कड, सुलटी बाजू समोर धरल्यावर, आपल्या उजवीकडे असते आणि मुंढा (बाही जोडायची कड) डावीकडे. आपण उजवीकडून डावीकडे विणतो. तेव्हा उजव्या भागाची सुलटी ओळ पट्टीपासून सुरू होते, आणि गळ्याचे टाके त्याच ओळीच्या सुरुवातीला बंद करायचे. मुंढ्याचे टाके उलट्या ओळीच्या सुरुवातीला. डाव्या भागाला सगळं याच्या उलट. डावखुऱ्या, म्हणजे डावीकडून उजवीकडे विणणाऱ्यांनी दिशा बदलून घ्यावी.

भाचीच्या पहिल्या स्वेटरला मी दोन्ही भाग उजवे विणले होते. खांदे जोडायला घेतले तेव्हा दोन्ही गळे एकाच बाजूला. एक भाग पालथा घातला तर गळा जुळला, पण गाठी वर आल्या. मुंढ्याखाली दोन्ही भाग सारखेच असल्यामुळे तेवढं वाचलं, वरचं सगळं उसवलं.

‘दोन्ही भाग सारखेच विणा आणि एक फिरवून लावा’ हा सल्ला म्हणूनच सरसकट देऊ नये. सगळ्या ओळी सुलट विणलेल्या वीणेला तो चालतो, कारण ती दोन्हीकडून सारखी दिसते. बाळाचे स्वेटर तसे विणून हात बसलेल्यांना पहिला धक्का इथेच बसतो.

‘लोकर पुढे घ्या’ मधलं ‘पुढे’ आणखी वेगळं. ते स्वेटरचं पुढे नव्हे, विणणारीच्या अंगाकडचं. सुलट्या ओळीत लोकर पुढे घेऊन टाका न विणता उचलला, तर त्याच्यावरून गेलेला धागा सुलटीवर दिसतो. उलट्या ओळीत तेच केलं तर तो आत लपतो. सूचना एकच, दिसणं वेगळं.

सुलटी ओळखायला सुरुवातीच्या धाग्याचं शेपूट कुठल्या हाताला आहे ते बघा, असं सांगतात. मला ते पटत नाही, कारण टाके घालायची पद्धत बदलली की शेपटाची बाजू बदलते. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच सुलट्या बाजूला एक सेफ्टी पिन अडकवा. पट्टीच्या कडेला दुसरी.

काजं मुलींच्या स्वेटरला उजव्या भागावर, मुलांच्या डाव्या. बटणांचा भाग आधी विणा, त्यावर बटणांच्या जागा खुणा करून घ्या आणि तेवढ्याच ओळी मोजून दुसऱ्या भागावर काजं सोडा.