क्रूझ जहाजावरील बक्षिसी आणि लहान भेटी : खानदेशातील प्रवाशांच्या संदर्भात

क्रूझ जहाजावर सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रवाशांनी भाड्याव्यतिरिक्त दिलेली रक्कम, तसेच निरोप घेताना दिलेल्या छोट्या वस्तू व आभारपत्रे यांचा क्रूझवरील बक्षिसीच्या प्रथेत समावेश होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे खानदेशातील जिल्हे समुद्रकिनाऱ्यापासून दूर आहेत. तरीही येथील व्यापारी, सराफ, डॉक्टर, बागायतदार आणि निवृत्त शिक्षक सहल कंपन्यांच्या गटांबरोबर सिंगापूरहून निघणाऱ्या, भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या किंवा मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर दिसू लागले आहेत. भाड्यात राहणे, जेवण आणि करमणूक सगळे आले असताना ही वेगळी रक्कम कशाची, असा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जहाजावरील वेतनाच्या रचनेत सापडते.

मोठी प्रवासी जहाजे बहुतांशी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत आणि बहुसंख्य प्रवासी अमेरिकन असले, तरी तेथील किमान वेतनाचा कायदा जहाजावरच्या वाढप्याला किंवा खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला लागू होत नाही. हे कर्मचारी प्रामुख्याने फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांतून येतात. भारतीयांमध्ये गोवा, मुंबई आणि कोकण या पट्ट्यातून जहाजावर जाण्याची परंपरा जुनी आहे. करार साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात पूर्ण दिवसाची साप्ताहिक सुट्टी बहुधा मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अंमलात आला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. या करारात विश्रांतीची किमान मर्यादा चोवीस तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास अशी आहे. म्हणजे नियम काटेकोर पाळूनही आठवड्याला सत्तरहून अधिक तास काम होऊ शकते. अनेक कंपन्यांत या कर्मचाऱ्यांचा मूळ पगार कमी असतो आणि हाती पडणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रवाशांकडून येणाऱ्या रकमेतून उभा राहतो. म्हणून क्रूझवरील बक्षिसीला खुशीने दिलेली रक्कम समजणे चुकीचे ठरते. तो वेतनाचाच असा हिस्सा आहे, की जो देण्याचे काम कंपनीने प्रवाशावर सोपवले आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे असे म्हणता येणार नाही, परंतु तिचा भार कर्मचाऱ्याने सोसावा हे त्याहून अन्यायाचे आहे.

पूर्वी प्रवासाच्या शेवटच्या रात्री खोलीचा सेवक, वाढपी, साहाय्यक वाढपी आणि भोजनगृहप्रमुख यांना वेगवेगळी पाकिटे देण्याची पद्धत होती. प्रवाशाचे टेबल आणि जेवणाची वेळ ठरलेली असे व आठवडाभर तोच वाढपी असे, त्यामुळे कोणाला किती द्यायचे हे उघड होते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ या नावाने कोणत्याही वेळी, कोणत्याही टेबलावर जेवण्याची सोय सुरू केली आणि इतर कंपन्यांनीही तशा सोयी आणल्या. मग रोज निराळा वाढपी येऊ लागला आणि पाकिटाची पद्धत अपुरी पडू लागली. आज बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी, दर दिवशी ठरावीक ग्रॅच्युइटी (येथे अर्थ बक्षिसी) किंवा सेवाशुल्क प्रवाशाच्या जहाजावरील खात्यात आपोआप मांडतात. अमेरिकन बाजारपेठेतील कंपन्यांत साध्या खोलीसाठी हा दर अलीकडच्या वर्षांत साधारण १६ ते २० डॉलर असून मोठ्या स्वीटसाठी, म्हणजे ऐसपैस आलिशान खोलीसाठी, तो अधिक असतो. दर १८ डॉलर धरला, तर सात रात्रींसाठी पती-पत्नीचे २५२ डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाचे ५०४ डॉलर होतात. कारण अगदी तान्ही बाळे वगळता मुलांनाही बहुधा पूर्ण दर लागतो. मद्य, शीतपेये आणि मसाज यांच्या बिलात सुमारे १८ ते २० टक्के सेवाशुल्क निराळे मिळवलेले असते, म्हणून त्या पावतीवरील कोऱ्या जागेत पुन्हा रक्कम लिहिण्याची गरज नसते.

खात्यातून जाणारी ही रक्कम भोजनगृह आणि खोल्यांच्या सेवेतील लोकांबरोबरच धुलाईघर, भटारखाना अशा प्रवाशाला कधीच न दिसणाऱ्या विभागांतही वाटली जाते. स्वागतकक्षात जाऊन ती कमी करून घेण्याची मुभा अनेक कंपन्या देतात आणि ‘आपण ज्याला ओळखतो त्यालाच रोख देऊ’ या विचाराने काही प्रवासी ती काढूनही टाकतात. हेतू वाईट नसला, तरी त्यामुळे तळमजल्यावर चादरी धुणाऱ्याचा वाटा बुडतो. शिवाय काही कंपन्यांत, ज्या प्रवाशाने शुल्क काढले त्याच्याकडून मिळालेली रोख रक्कम कर्मचाऱ्याला सामाईक निधीत जमा करावी लागते. सेवेत खरोखर उणीव राहिली असेल, तर प्रवास चालू असतानाच स्वागतकक्षात तक्रार नोंदवणे हा योग्य मार्ग आहे.

सर्वत्र हीच पद्धत आहे असे नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये वेगळे दैनिक सेवाशुल्क बंद करून ते भाड्यातच धरले आणि उंची वर्गातील अनेक कंपन्यांचे भाडेही बक्षिसीसह असते. बंदराच्या देशातील रीत येथे उपयोगी पडत नाही. सिंगापुरात जमिनीवर बक्षिसीची प्रथा नसली, तरी तेथून सुटणाऱ्या जहाजावर कंपनीचाच नियम चालतो. गटसहलीत ही रक्कम कधी सहलीच्या शुल्कात धरलेली असते, कधी टूर मॅनेजर ती वेगळी गोळा करतो. जळगावात किंवा धुळ्यात बुकिंग करतानाच याबद्दल लेखी विचारून घ्यावे.

आपोआप कापल्या जाणाऱ्या शुल्काखेरीज वरकड रोख देणे ऐच्छिक आहे, पण खानदेशातील प्रवाशांच्या बाबतीत त्याला एक सबळ कारण असते. त्यांच्यापैकी बरेच जण शाकाहारी असतात आणि जैन कुटुंबांना कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असतात. अशा प्रवाशांसाठी भोजनगृहप्रमुख आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे पदार्थ विचारून घेतो, भटारखान्यात वेगळी सूचना देतो आणि वाढपी ते ताट चुकू न देता टेबलावर आणतो. हे काम नेहमीच्या सेवेपलीकडचे आहे. अशा वाढप्याला, भोजनगृहप्रमुखाला, तसेच खोलीत आजारी पडलेल्या वृद्धाची काळजी घेणाऱ्या सेवकाला शेवटच्या संध्याकाळी, नाव लिहिलेल्या पाकिटात घालून रक्कम द्यावी. उतरण्याच्या सकाळी गर्दीत माणूस भेटेलच असे नाही. कप्तान, इतर अधिकारी आणि जहाजावरील डॉक्टर यांना बक्षिसी देत नाहीत.

रोख देताना चलनाचा विचार आधी करावा लागतो. परदेशी जहाजावरील व्यवहार बहुधा डॉलर किंवा युरोत चालतात आणि तेथे भारतीय नोटा कर्मचाऱ्याच्या उपयोगाच्या नसतात. भारतातून जाताना परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासासाठी सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात. त्या घेताना एक, पाच आणि दहाच्या नोटा आवर्जून मागाव्यात. नाणी देऊ नयेत, कारण ती दुसऱ्या देशात बदलून मिळत नाहीत.

लहान भेटींचा भाग मात्र खानदेशी माणसाच्या स्वभावाला जवळचा आहे. पाहुणचाराला आणि निरोपाला हातावर काहीतरी खाऊ ठेवण्याची येथे सवय असल्याने केळीचे वेफर्स, शेव किंवा चिवडा बॅगेत असतोच. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटे देण्यास सहसा हरकत नसते आणि महिनोन्महिने घरापासून दूर असलेल्या भारतीय कर्मचाऱ्याला ती मनापासून आवडतात. घरचा ठेचा, लोणचे, उघडा फराळ किंवा ताजी केळी यांची गोष्ट वेगळी आहे. जहाजावर पोटाचे विकार झपाट्याने पसरतात, त्यामुळे घरी शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या वर आणू देत नाहीत, आणि फळांवर अनेक बंदरांत कृषी-सुरक्षेचे कडक निर्बंध असतात. कर्मचारी लहानशा खोलीत बहुधा दुसऱ्याबरोबर राहतात आणि घरी परतताना विमानाच्या वजनाची मर्यादा असते. म्हणून वस्तू हलकी आणि लवकर वापरून संपणारी असावी.

भेट रोख रकमेची जागा घेत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते आणि पोळ्याला त्याला नवे कपडे दिले जातात, पण कपडे दिले म्हणून कोणी सालाचे पैसे कापत नाही. जहाजावरील खाऊ आणि सेवाशुल्क यांचे नातेही तसेच आहे. पैशाव्यतिरिक्त कर्मचाऱ्याला खरोखर उपयोगी पडते ती प्रवासाअखेरच्या अभिप्रायपत्रात त्याच्या पूर्ण नावानिशी आणि विभागासह केलेली नोंद. असे अभिप्राय वरिष्ठांपर्यंत जातात आणि पदोन्नतीच्या वेळी त्याच्या बाजूने बोलतात. इंग्रजी लिहिण्याचा संकोच वाटणाऱ्या प्रवाशांनी ते गटातील तरुणांकडून लिहून घ्यावे, पण टाळू नये.

मुंबईहून देशांतर्गत सफरी करणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या जहाजावर, जे २०२१ पासून चालू आहे, व्यवहार रुपयांत होत असल्याने चलनाचा प्रश्न येत नाही. सेवाशुल्क तिकिटात धरले आहे की नाही, हे मात्र तेथेही आरक्षणाच्या वेळी पाहावे. धक्क्यावर सामान उचलणारे हमाल आणि किनाऱ्यावरील सहलींचे वाटाडे व बसचालक हे जहाजाचे कर्मचारी नसतात. जहाजावरील शुल्कातून त्यांना काही मिळत नाही, त्यामुळे त्यांची बक्षिसी त्या त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे वेगळी द्यावी लागते.