परदेशी डीव्हीडी संच आपल्याकडे चालतच नाहीत का?

‘परदेशातून आणलेला मालिकेचा डीव्हीडी संच भारतात चालतच नाही,’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले असून अमेरिका १, ब्रिटन २ आणि भारत ५ मध्ये येतो. त्यामुळे नागपुरात सीताबर्डीवर घेतलेला, केवळ विभाग ५ चा प्लेअर ब्रिटनचा संच नाकारू शकतो. मात्र प्लेअर सर्व विभागांचा असेल, किंवा डिस्कवर विभागाचे बंधनच नसेल, तर ही अडचण येत नाही. वेष्टनामागील छोट्या पृथ्वीगोलातला आकडा प्लेअरच्या पाठीवरील आकड्याशी ताडून पाहावा. ब्ल्यू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या, अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कची विभागणी निराळी आहे (तिच्यात भारत ‘सी’ विभागात येतो), तर त्याहूनही स्पष्ट चित्राच्या फोर-के ब्ल्यू-रे डिस्कना विभागच नाहीत. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण सहसा पाचच वेळा. तेव्हा तो उगाच बदलत बसू नये.