ऑबर्नचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न हे विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या जॉर्डन-हेअर स्टेडियमबाहेर तीन खेळाडूंचे पुतळे आहेत: पॅट सलिव्हन, बो जॅक्सन आणि कॅम न्यूटन. २०१२च्या एप्रिलमध्ये तिन्ही पुतळ्यांचं अनावरण एकाच दिवशी झालं. ऑबर्नच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू कोण, हा वाद आज निघाला की बहुतेक वेळा तो या तिघांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तो तिथेच का संपतो, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी खेळाविषयी दोन शब्द. हा अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं तर बॉल आपल्याकडे राहतो, नाही तर समोरच्या संघाकडे जातो. क्वार्टरबॅक बॉल फेकतो आणि डाव चालवतो, रनिंग बॅक बॉल घेऊन धडका मारत पळतो. विद्यार्थ्यांचा संघ असला तरी सामन्याला ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणूस जमतं. ज्या गावांत व्यावसायिक संघ नाही तिथे कॉलेजचा संघ हाच सगळ्यांचा संघ असतो, आणि अलाबामा राज्यात तर एकही नावाजलेला व्यावसायिक संघ नाही. तिथे माणूस एक तर ऑबर्नचा असतो, नाही तर टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठाचा.

ऑबर्नचा पहिला सामना १८९२च्या फेब्रुवारीत अटलांटामध्ये जॉर्जियाविरुद्ध झाला. इतिहासाचे प्राध्यापक जॉर्ज पेट्री यांनी तो संघ उभा केला होता आणि ऑबर्नने सामना १०-० असा जिंकला. १८९५ ते १८९९ या काळात जॉन हाइस्मन इथे प्रशिक्षक होते. पुढे त्यांच्याच नावाने देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी ओळखली जाऊ लागली. स्टेडियमबाहेरचे तिघेही त्याच ट्रॉफीचे मानकरी आहेत, आणि इथे वादाची पहिली मेख आहे. हाइस्मन ट्रॉफी बहुतेक वेळा क्वार्टरबॅकला किंवा रनिंग बॅकला मिळते. विजेता देशभरातले पत्रकार आणि माजी विजेते मतदानाने ठरवतात. म्हणजे पुतळा कोणाचा, हे एका अर्थी ऑबर्नने ठरवलेलंच नाही.

त्यामुळे किती जण कडेला पडले ते पाहा. १९५७ साली ऑबर्न एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीनुसार राष्ट्रीय विजेता ठरला. दहापैकी दहा सामने जिंकले आणि सगळ्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त २८ गुण दिले. ती सगळी कमाई बचावफळीची. त्या परंपरेतल्या झीक स्मिथने १९५८ साली सर्वोत्तम लाइनमनसाठीची, म्हणजे पुढच्या फळीत भिडणाऱ्या गड्यासाठीची, आउटलंड ट्रॉफी मिळवली. १९८८ साली ट्रेसी रॉकरने आउटलंड आणि लोम्बार्डी या दोन्ही ट्रॉफ्या एकाच वर्षी पटकावल्या. ऑबर्न ज्या गटात खेळतं त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तोपर्यंत हे कोणालाच जमलं नव्हतं. तरीही सर्वश्रेष्ठ कोण या चर्चेत रॉकरचं नाव चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं, तेही कोणाला आठवलं तर. हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

टकर फ्रेडरिकसनचं प्रकरण आणखी वेगळं आहे. १९५३ पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळाडू बदलण्यावर नियमांची बंधनं होती. त्यामुळे त्याच अकरा जणांना बरेचदा आक्रमण आणि बचाव दोन्ही करावं लागे. फ्रेडरिकसन आक्रमणात फुलबॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी होता आणि बचावात सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा राखणदार. १९६४ साली हाइस्मनच्या मतदानात तो सहावा आला, आणि व्यावसायिक लीगच्या १९६५च्या निवडीत न्यू यॉर्क जायंट्सने त्याला सगळ्यांत पहिलं उचललं. बंधनं उठल्यावर असा दुहेरी खेळाडू जवळपास नाहीसाच झाला. दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याला आजच्या आकड्यांच्या तक्त्यात नीट बसवता येत नाही, म्हणून तो तक्त्याबाहेर राहतो.

पॅट सलिव्हन १९६९ ते १९७१ असा तीन हंगाम खेळला. तीनच का? कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळायची परवानगी १९७२ साली मिळाली. त्याआधीच्या बहुतेकांची कारकीर्द एका वर्षाने छाटलेली आहे, हे एकूण बेरजा मांडताना फार जणांच्या लक्षात राहत नाही. सलिव्हन आला तेव्हा ऑबर्न अलाबामाकडून सलग पाच वर्षं हरलं होतं. १९६९ साली त्याच्या संघाने ४९-२६ असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी १७-० असे मागे पडूनही ३३-२८ ने जिंकले. १९७१ साली जॉर्जियाच्या मैदानावर त्याने चार टचडाउन पास, म्हणजे बॉल थेट गोल रेषेपार पोहोचवणारे पास टाकले, आणि त्या सामन्याने हाइस्मन जवळपास त्याच्या हातात आणून ठेवली. त्याने फेकलेले बॉल झेलणारा टेरी बीझली हा तितकाच मोठा खेळाडू होता. ऑबर्नने कित्येक वर्षं फक्त तीन क्रमांक सन्मानाने निवृत्त केलेले होते, सलिव्हनचा ७, जॅक्सनचा ३४ आणि बीझलीचा ८८. क्रमांक तिघांचे, पण पुतळा बीझलीचा नाही.

आता ज्या गोष्टीला या वादात सगळ्यांत कमी जागा मिळते, तिच्याकडे येतो. १९६४च्या जानेवारीपर्यंत ऑबर्न विद्यापीठात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जेम्स ओवेन्स १९६९ साली आला. म्हणजे १८९२ पासून पाऊणशे वर्षांहून जास्त काळ, राज्यातल्या तरुणांचा एक मोठा हिस्सा या मैदानात पाऊलच ठेवू शकत नव्हता. ऑबर्नपासून तीसेक किलोमीटरवर टस्कीगी आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा संघ प्रशिक्षक क्लीव्ह ॲबट यांच्या हाताखाली आपल्या गटात वर्षानुवर्षं अजिंक्यपदं मिळवत होता. १९२०च्या दशकात तिथे बेन स्टीव्हन्सन नावाचा रनिंग बॅक होता. पुढे कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. ऑबर्न आणि टस्कीगीमध्ये अंतर अर्ध्या तासाचं, पण स्टीव्हन्सनला ऑबर्नमध्ये प्रवेशच नव्हता. ‘ऑबर्नच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ’ म्हणताना पहिल्या पंचाहत्तर वर्षांचा इतिहास हा निवडलेल्यांचा इतिहास आहे, हे आधी मान्य करावं लागतं. पुतळ्यांकडे पाहिलं तरी हे दिसतं. तिघांत जुना सलिव्हन गोरा, आणि त्याच्यानंतरचे दोघे कृष्णवर्णीय.

ओवेन्स हा बर्मिंगहॅमजवळच्या फेअरफिल्ड या पोलाद कारखान्यांच्या गावचा. त्याला बॉल कमी मिळाला, दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून देण्याचं काम जास्त आलं. आकड्यांत त्याचं नाव कुठेच वर नाही. २०१२ साली ऑबर्नने त्याच्या नावाने धैर्याचा पुरस्कार सुरू केला. फेअरफिल्डच्या शेजारीच बेसेमर आहे, आणि बेसेमरमध्ये १९६२ साली व्हिन्सेंट एडवर्ड जॅक्सन जन्मला, दहा भावंडांतला आठवा. हाच बो. तो पंधरा वर्षं आधी जन्मला असता तर त्याच्यासाठी ऑबर्नच्या फुटबॉल संघाचं दार बंदच असतं.

१९८२ साली न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने बोला दुसऱ्या फेरीत निवडलं होतं. ते सोडून तो ऑबर्नला आला. प्रशिक्षक पॅट डाय यांचं ते दुसरं वर्ष. तेव्हा अलाबामाकडून सलग नऊ वर्षं हार चालू होती. या दोन संघांच्या वार्षिक लढतीला ‘आयर्न बोल’ म्हणतात. राज्यातल्या घराघरांत त्यावरून दोन तट पडतात, आणि ऑबर्नच्या माणसासाठी खेळाडूचं मोल या एका सामन्यात ठरतं. २७ नोव्हेंबर १९८२, बर्मिंगहॅमचं लीजन फील्ड. शेवटची अडीचेक मिनिटं उरलेली, ऑबर्न २२-१७ असं मागे, बॉल गोल रेषेपासून एका यार्डावर आणि प्रयत्न चौथा, म्हणजे शेवटचा. समोर दोन्ही संघांच्या धिप्पाड गड्यांचा ढीग. पहिल्या वर्षाच्या बोने बॉल पोटाशी धरला आणि त्या ढिगावरून सरळ उडी मारली. २३-२२. अलाबामाचे दिग्गज प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा तो शेवटचा आयर्न बोल. दोन महिन्यांनी ते वारले. ‘बो ओव्हर द टॉप’ एवढे चार शब्द म्हटले की ऑबर्नमध्ये पुढचं काही सांगावं लागत नाही.

पण बोची कारकीर्द सरळ रेषेत चढत गेली असं कोणी सांगितलं तर ते खरं मानू नये. १९८३ हे त्याचं सोन्याचं वर्ष. दर धावेला ७.७ यार्ड, अलाबामाविरुद्ध २५६ यार्ड. १९८४ साली टेक्ससविरुद्ध त्याचा खांदा निखळला. तो परतला आणि त्याच वर्षीच्या आयर्न बोलमध्ये गोल रेषेजवळ, चौथ्याच प्रयत्नावर, ब्रेंट फुलवुडसाठी आडोसा धरायचा सोडून भलत्याच बाजूला धावला. ऑबर्न १७-१५ ने हरलं. १९८५ साली टेनेसी आणि फ्लोरिडाविरुद्ध दुखापतीमुळे तो मैदान सोडून बाहेर आला, तेव्हा त्याच्या जिगरीवरच शंका घेतल्या गेल्या. मग बरगड्या दुखावलेल्या असताना तो अलाबामाविरुद्ध उतरला आणि १४२ यार्ड पळाला. तो सामना अलाबामाच्या व्हॅन टिफिनच्या शेवटच्या किकवर २५-२३ असा गेला. हाइस्मन मात्र बोलाच मिळाली, तीही आयोवाच्या चक लाँगपेक्षा केवळ ४५ गुण जास्त मिळवून. तोवरच्या इतिहासातला तो सगळ्यांत निसटता निकाल होता.

अलाबामाविरुद्ध बोचा हिशेब दोन विजय आणि दोन पराभव असा आहे. सलिव्हनचा दोन-एक. निव्वळ आयर्न बोल मोजायचा तर बो मागे पडेल, तरीही लोक त्याला पुढे ठेवतात. नऊ वर्षांचा साचलेला राग एका उडीत उतरला, त्याचं ऋण लोक अजून मानतात.

बोविषयीचा एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिली तीन वर्षं ऑबर्न विशबोन पद्धतीने खेळायचं. त्यात बॉल तीन-चार जणांत वाटला जातो. बोसोबत लायनेल जेम्ससारखा कसलेला गडी होता. १९८५ साली डाय यांनी पद्धत बदलली आणि सगळा भार बोवर टाकला, तेव्हा त्याने एकाच हंगामात १,७८६ यार्ड काढले. चार वर्षांची बेरीज ४,३०३, दर धावेला ६.६. त्यातच तो बेसबॉल खेळत होता आणि ट्रॅकवर धावतही होता.

न्यूटनची गोष्ट एका वर्षात मावते. फ्लोरिडा विद्यापीठ सोडून तो टेक्ससमधल्या ब्लिन या ज्युनियर कॉलेजात गेला, तिथे अजिंक्यपद मिळवलं आणि २०१० साली ऑबर्नला आला. त्या हंगामात त्याने ३० टचडाउन पास दिले आणि स्वतः पळत आणखी २० टचडाउन केले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध ४९ यार्डांची धाव घेताना शेवटी त्यांच्या बचावातल्या पॅट्रिक पीटरसनला अंगावर ओढत तो गोल रेषेपार गेला. ती धाव मी आजही पुन्हा पुन्हा पाहतो. महिन्याभराने टस्कलूसामध्ये अलाबामा २४-० असं पुढे असताना त्याने सामना खेचून आणला, २८-२७. मग १० जानेवारी २०११ रोजी ओरेगॉनला २२-१९ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद. १९५७ नंतरचं पहिलं.

त्यावर सावलीही पडली. न्यूटनच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेटकडून पैसे मिळवण्याचा प्रयत्न केला होता, असा निष्कर्ष एनसीएए या नियामक संस्थेने काढला. पण मुलाला त्याची कल्पना होती याचा पुरावा मिळाला नाही. १ डिसेंबर २०१० रोजी त्याला खेळायची मोकळीक मिळाली, आणि ऑबर्नवरची चौकशी पुढच्या वर्षी कारवाईविना बंद झाली. अनेकांनी तेव्हा त्याच्या यशाला कमी लेखलं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे कमावता येतात. तेव्हाचा गदारोळ आज वाचताना तो दुसऱ्याच काळातला वाटतो.

आकडे हे सगळं सोडवतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१३ पाहावं. ट्रे मेसनने १,८१६ यार्ड पळून बोचा १,७८६ चा विक्रम मोडला. पण मेसनचे यार्ड १४ सामन्यांतले, हंगामाअखेरचे मोठे सामने धरून. बोचे ११ सामन्यांतले. कारण हंगामाअखेरच्या बोल सामन्यांतली कामगिरी अधिकृत नोंदींत धरायला एनसीएएने २००२ साली सुरुवात केली. १९८५च्या हंगामानंतरच्या कॉटन बोलमध्ये बो १२९ यार्ड पळाला होता. ते धरले तर विक्रम अजून त्याचाच असता.

माझं मत विचाराल तर, सर्वश्रेष्ठ हंगाम न्यूटनचा, आणि त्यात दुमत व्हायला जागा नाही. सर्वश्रेष्ठ खेळाडू मात्र बो. बॉल वाटून घेण्याच्या पद्धतीत, दुखापतीत, चुकीनंतरच्या टीकेत, आणि शेवटी एकट्याने भार वाहताना, अशा प्रत्येक परिस्थितीत त्याला पाहता आलं. एकाच वर्षात न्यूटनला तशी संधी मिळालीच नाही. आणि रॉकरला तिसऱ्या क्रमांकावर, सलिव्हनच्या बरोबरीने बसवायला मी तयार आहे.

हा कस पुढे किती काळ लावता येईल, हा प्रश्न आहे. २०२१ पासून विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उठली, आणि चांगले खेळाडू दरवर्षी संघ बदलू लागले. चार वर्षं एकाच जर्सीत काढणारा मोठा खेळाडू दुर्मीळ होत चालला आहे. न्यूटनचं एक वर्ष तेव्हा अपवाद वाटलं होतं, पुढचे दावेदार बहुधा त्याच वाटेने येतील.