सोडा ‘गॅसमुळे’ थंड होतो?

‘गॅस भरला की सोडा आपोआप गार होतो’ हे कित्येकांना पक्कं ठाऊक असतं. पुरावाही हाताशी असतो: बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर दिसतो, आणि सिलिंडर जोरात सोडला तर नळीवर बर्फ धरतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या, निष्कर्ष मात्र चुकीचा. झाकण उघडताच बाटलीच्या मानेत दाबलेला वायू एकदम फैलावतो, क्षणात गारठतो आणि तिथल्या वाफेचं धुकं होतं. पण तो वायू चिमूटभर. खालच्या पेयावर त्याचा काय परिणाम होणार!

उलट सोड्यातला हा गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाण्यात विरघळताना थोडी उष्णताच बाहेर पडते. दाब देऊन लिटरमागे ७ ग्रॅम वायू विरघळवला, तर हिशेबाने पाणी पाऊण अंशाने तापतं. फार नाही, पण दिशा बघा.

खरा क्रम उलटा आहे: आधी गारवा, मग गॅस. साध्या हवेच्या दाबाएवढ्या कार्बन डायऑक्साइडखाली ०° सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ३.३ ग्रॅम वायू मावतो. २५° ला जेमतेम दीड. म्हणून सोडा भरणारे पाणी आधी थंड करतात. कोमट बाटली उघडल्यावर अर्धा सोडा फेस होऊन शर्टावर येतो, तोही याचमुळे.

मग पिताना गार का वाटतं? एक तर बाटली बर्फात ठेवलेली असते. शिवाय वायूपासून तयार झालेलं कार्बोनिक आम्ल जिभेला चुरचुरतं, त्यामुळे आहे तो गारवा अधिक झोंबतो.