गल्फला बायकोपोरांना नेताय? आधी लग्नाचा दाखला काढा

आजरा, गडहिंग्लज, चंदगड, कागल, सगळीकडची तऱ्हा एकच. पोरगा दुबईला चांगल्या नोकरीवर, बायकोला नेलं, तिथं बाळ झालं आणि मग घरी फोन, "दादा, लग्नाचा दाखला लागतोय, अर्जंट." दाखला कुठला, लग्नाची नोंदच केलेली नसते. पाचशे माणूस जेवलेलं असतं, पत्रिका आहे, व्हिडिओ आहे, पण वकिलात व्हिडिओ बघत नाही.

साखळी अशी आहे बघा. दुबईत बाळ जन्मलं की पहिले 30 दिवस ते आईच्या आरोग्य विम्यात असतं, पुढं त्याचा स्वतःचा विमा लागतो. विम्याला व्हिसा पाहिजे, व्हिसाला पासपोर्ट पाहिजे, पासपोर्ट देणार आपली भारतीय वकिलात, तिला तिथला जन्मदाखला लागतो आणि तो जन्मदाखला निघतो आईबापाच्या लग्नाच्या दाखल्यावर. म्हणजे लस टोचायची असो नाहीतर पुढं शाळेत नाव घालायचं असो, सगळं येऊन अडतं ते गावाकडच्या ग्रामसेवकाच्या रजिस्टरपाशी.

नोंद गावात असाल तर ग्रामपंचायतीत, कोल्हापूर शहरात महापालिकेत. नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, भटजींची सही, वयाचे पुरावे, हातात येतो तो दाखला म्हणजे नमुना ई. लग्नाला 90 दिवस उलटून गेले तरी दंड भरून नोंद होते, त्यासाठी एजंटाला हजारो रुपये मोजायची काही गरज नाही. फक्त दोघांच्या सह्या लागतात, म्हणून पोरगा सुट्टीवर आला की जोतिबाला नंतर जा, आधी हे उरका.

आता नावाचा घोळ, अर्ज परत येतात ते इथंच. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात नाव बदललेलं असलं तर तिसरंच. वडील एका कागदावर बाबू, दुसऱ्यावर बाबुराव. पाटीलच्या स्पेलिंगमध्ये कुठं आय तर कुठं डबल ई. तुम्हाला वाटतं माणूस एकच आहे ना, पण खिडकीपलीकडच्याला ती दोन माणसं दिसतात आणि तो वाद घालत नाही, सरळ फाईल परत ढकलतो. तेव्हा नमुना ई वर इंग्रजी नावं पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहून घ्या, नुसत्या मराठीत हातानं लिहिलेला दाखला घेऊन विमानात बसू नका.

मग शिक्के. सौदी, ओमान, बहरीनला अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, चालतं. दुबई, कतार, कुवेतला चालत नाही, तिथं आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या इथल्या वकिलातीचा. लोक दुबईसाठी अपोस्टिल करून बसतात आणि पैसे गेले की विचारतात.

मुदतीच्या बाबतीत तर कायमचा गोंधळ. दुबईत बाळाचा व्हिसा 120 दिवसांच्या आत काढायचा, नाहीतर रोज दंड, ही त्यांची मुदत. आपली वेगळी. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून 1 वर्षाच्या आत झाली पाहिजे, तरच ते वंशानं, म्हणजे आईबापाच्या नात्यानं, भारतीय नागरिक, हे 1955 च्या नागरिकत्व कायद्यात आहे. वर्ष मोजायचं जन्मतारखेपासून, तिथला दाखला हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी, आणि दिल्लीची फाईल कशी चालते ते सांगायला नको.

शाळेचं थोडक्यात. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्या जूनमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला जूनची वाट न बघता मागा, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्या आणि वर सांगितलेले शिक्के त्यालाही लागतील हे धरून चाला.

दहावी नापास पोरांसाठी एक कळकळीनं सांगतो. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामाला बाहेर जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा, असेल तर व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथं काम शोधू नका. रीतसर ती परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, काढून गेलात तर प्रवासी भारतीय बिमा योजना सक्तीचीच आहे, 2 वर्षांना 275 रुपये, 3 वर्षांना 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. व्हिजिटवर गेलेल्याला यातलं काहीच नाही.

आणि दवाखान्याचं बिल अंगावर आलंच, तर वकिलातीकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, 2009 पासून आहे. तो सगळ्यांना मिळत नाही, खरंच पैसे नाहीत का ते बघून देतात, आजारपण गंभीर लागतं. मागायचा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, दवाखान्याचे कागद आणि मालक पैसे देत नाही याचं काहीतरी लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज तरी जवळ ठेवा. इकडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिचा नंबर जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक फोनला तोच विचारतात.