वाइनची मखमल आणि तोंडातली लाळ

गेल्या फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही चाखायच्या टेबलापाशी उभे होतो. मेहुण्याने ग्लास दांडीला धरून दोनदा गरगर फिरवला, उजेडासमोर नेला आणि म्हणाला, "दाजी, काचेवरून ओघळ कसे उतरतायत बघा. ह्यांना लेग्ज म्हणतात. लेग्ज जास्त म्हणजे ग्लिसरीन जास्त. एकदम स्मूद असणार ही."

मी घोट घेतला. स्मूद कसली! कच्च्या केळ्याची साल चावावी तसं झालं. गाल आतून ओढले गेले, जीभ टाळूला घासायला लागली आणि घसा असा धरला की पाण्याची बाटली शोधावी लागली. मेहुणा म्हणाला, "तुमची जीभ अजून तयार नाही." असेलही. पण त्या ओघळांचा आणि वाइनच्या मऊपणाचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. गाडीत बसल्यावर मी ते सांगायला लागलो तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणून आता इथे सांगतो.

आधी ओघळ निकालात काढू. त्यांचा उलगडा १८५५ साली जेम्स थॉमसन यांनी केला. हे लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले भाऊ. काचेला लागलेल्या पातळ थरातून अल्कोहोल भरभर उडून जातं आणि मागे पाणी जास्त उरतं. पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून अधिक असतो, त्यामुळे तो थर खालची वाइन वर खेचतो. वर पुरेशी जमली की ती वजनाने ओघळते. दहा वर्षांनी यावर काम करणाऱ्या कार्लो मारांगोनी यांचं नाव या परिणामाला चिकटलं आणि थॉमसन मागे पडले. ग्लासवर बशी झाका, बाष्पीभवन थांबेल, ओघळही थांबतील. ग्लिसरीनचा थेंबही नसलेल्या पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणातही ते दिसतात. सांगायचं झालं तर ओघळ फक्त अल्कोहोलची चुगली करतात.

राहिलं ग्लिसरीन. किण्वनात यीस्ट ते बनवतं, लिटरमागे साधारण ५ ते १० ग्रॅम. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात १९८४मध्ये हे तपासलं गेलं. वाइन तोंडात जाणवण्याइतकी दाट व्हायला लिटरमागे सुमारे २६ ग्रॅम ग्लिसरीन लागतं, असं दिसलं. तेवढं साध्या वाइनमध्ये नसतंच. थोडा गोडवा देण्यापलीकडे बिचारं ग्लिसरीन काही करत नाही.

मग एक वाइन मखमलीसारखी आणि दुसरी सँडपेपरसारखी का लागते? उत्तर ग्लासात निम्मंच आहे. उरलेलं निम्मं आपल्या लाळेत आहे.

तुरट ही चव आपल्याला परकी नाही. जांभूळ, आवळा, काजूचं बोंड, कच्ची सुपारी, हिरडा ही सगळी मंडळी घसा धरतात. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय म्हणजे हाच तुरट. चरकसंहितेत तो ओळखायची खूण सांगितली आहे: जीभ जड होते, ताठरते, आणि कंठ जणू बांधला जातो. निरीक्षण चोख आहे. म्हणून लगेच 'आपल्या ऋषींना पॉलिफेनॉल (तुरटपणा आणणारी वनस्पतींतली रसायनं) ठाऊक होतं' असा मेसेज पुढे ढकलू नका. लाळेतल्या प्रथिनाचा तिथे पत्ता नाही, आणि ज्याला त्यांनी रसांच्या पंगतीत बसवलं त्याला आज आपण त्या पंगतीतून उठवतो. तुरटपणा मुख्यतः स्पर्श आहे. तिखटाचंही तसंच; ती जळजळ आहे, चव नव्हे.

हे घरबसल्या तपासता येतं. वरचा ओठ उचला आणि आतून, हिरडीच्या वरच्या भागाला, अगदी कडक कोऱ्या चहाचे किंवा तुरटीच्या पाण्याचे दोन थेंब लावा. तिथे चव ओळखणाऱ्या कलिका नाहीत. आता ओठ हिरडीवर घासा. खरखर लगेच कळते, आणि घासल्यावर वाढते. १९९३मध्ये मानसशास्त्रज्ञांनी तुरटी घेऊन जवळपास हाच प्रयोग केला होता.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. इथे जरा दमाने घ्या.

वाइनला तुरटपणा देणाऱ्या पदार्थांना टॅनिन म्हणतात. हा शब्द चांभारकामातून आला, टॅनिंग म्हणजे चामडं कमावणं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्यातलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला घट्ट बांधून टाकतं, म्हणून ते सडत नाही. लाल वाइनचा घोट घेतला की तोंडात असंच काहीसं घडतं, फक्त तिथे कातड्याऐवजी लाळ कमावली जाते.

लाळ म्हणजे पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं असतात आणि ती तोंडाला वंगण पुरवतात. कानाजवळच्या ग्रंथीतून येणाऱ्या लाळेत निम्म्याहून जास्त प्रथिनं प्रोलीनने भरलेली असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. बहुतेक माळा गुंडाळून गोळा होऊन बसतात. प्रोलीनच्या मण्याला मात्र स्वतःचं एक ताठर कडं असतं, त्यामुळे माळ तिथे मुडपत नाही. प्रोलीनच प्रोलीन असलेली माळ वाळत घातलेल्या दोरीसारखी लांबलचक, चारी बाजूंनी उघडी राहते. टॅनिनच्या रेणूतही सपाट कडी असतात. ती प्रोलीनच्या कड्यांवर भाकरीवर भाकरी ठेवावी तशी अलगद बसतात. दोघांनाही पाण्यापासून तोंड लपवायचं असतं, म्हणून ही जवळीक. एकदा बसली की टॅनिनच्या कडेचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, माळेतल्या शेजारच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरतात आणि पकड पक्की होते.

इतक्यावर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण टॅनिनला एकच हात नसतो, अनेक असतात. एका हाताने ही माळ, दुसऱ्याने ती. दोन माळांच्या चार होतात, चाराचा गुंता होतो, गुंत्याचा कण होतो, आणि कण लाळेतून बाहेर पडतो. दूध नासावं तसं हे लाळेचं नासणं. वाइनची पिचकारी पांढऱ्या बेसिनमध्ये टाकून बघा, जांभळट तंतू दिसतात. तुमचं वंगणच तुमच्यासमोर पडलेलं असतं. वंगण गेलेलं तोंड म्हणजे तेल न घातलेली सायकलची साखळी. जीभ टाळूवरून सरकण्याऐवजी घासते, आणि ते घासणं मेंदूला चेहऱ्याच्या स्पर्शाची नस कळवते.

दुधातल्या केसीन या प्रथिनातही प्रोलीन भरपूर. त्यामुळे चहात दूध पडलं की टॅनिन लाळेपर्यंत पोचायच्या आत केसीनमध्ये अडकतं. आपला टपरीवरचा चहा इतका उकळूनही मऊसूत लागतो तो यामुळे.

लाळेत ही प्रथिनं आली कशाला? याचं सगळ्यात सुंदर उत्तर ज्वारीतून मिळालं. आपल्या भाकरीच्या ज्वारीत टॅनिन जवळपास नसतं, पण पाखरांनी खाऊ नये म्हणून काही ठिकाणी टॅनिनवाली तपकिरी ज्वारी लावतात. १९८३मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ती उंदरांना खाऊ घातली. सुरुवातीला उंदरांचं वजन उतरलं. मग तीन दिवसांत त्यांच्या लाळग्रंथीत प्रोलीनवाली प्रथिनं सुमारे बारा पट वाढली आणि उंदीर पुन्हा भरू लागले. लाळेतलं प्रथिन टॅनिनला वरच्या वर अडवतं, म्हणजे ते पोटात जाऊन पचनाची प्रथिनं बांधत नाही. हॅमस्टरना ही युक्ती जमली नाही, त्यांचे हाल झाले. तोंडाची ती खरखर म्हणजे आपल्या शरीराने पहिल्याच नाक्यावर लावलेली जकात आहे.

एवढं कळल्यावर वाइनवाल्यांच्या भाषेबद्दल माझं मत थोडं बदललं. 'जंगलातल्या ओल्या पाचोळ्याचा वास' वगैरे वाचून मला अजूनही हसू येतं. पण रेशीम, मखमल, खडू हे शब्द तसे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड गॉवेल आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये लाल वाइनच्या स्पर्शाचं एक शब्दचक्र बनवलं. त्यात रेशीम, सॅटिन, मखमल, मऊ कातडं, टाल्कम पावडर, सँडपेपर असे शब्द आहेत. बोटांना जे कळतं तेच इथे जिभेला कळतंय, मग शब्द कापडाचेच येणार. मराठीत तर हे आयतं पडलंय: मऊसूत, गुळगुळीत, भरभरीत, राठ, खरखरीत.

खरखर सगळ्या टॅनिनची सारखी नसते. द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन लांब साखळीचं असतं, सरासरी तिसेक कड्यांचं. बियांतली साखळी आखूड, दहाच्या आतबाहेर, पण तिच्या कड्यांना गॅलिक आम्लाचे तुकडे लटकलेले असतात. त्यांना गॅलॉइल म्हणतात. साखळी लांबली की एकूण तुरटपणा वाढतो; गॅलॉइल वाढलं की तो राठ होतो. सालीतल्या टॅनिनमध्ये एपिगॅलोकॅटेचिन नावाची कडी असते आणि ती हा राठपणा कमी करते. म्हणजे ढोबळमानाने साल मखमलीकडे नेते, बी सँडपेपरकडे. शिवाय वाइन जास्त आंबट असली की तुरटपणा वाढतो आणि अल्कोहोल जास्त असलं की थोडा दबतो. गुंतागुंत आहे खरी, पण लक्षात एवढंच ठेवा, की बीवर लक्ष हवं.

आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश ही सगळी बिनबियांची, पातळ सालीची द्राक्षं. म्हणून द्राक्ष तुरट असू शकतं हेच आपण विसरलोय. शिराज किंवा कॅबर्ने सॉव्हिन्याँ या वाइनच्या जातींचं द्राक्ष बोराएवढंही नसतं, साल जाड आणि आत टणक बिया. वायनरीतल्या पोरीने वेलीवरचा एक मणी तोडून दिला आणि सांगितलं, "गर गिळा, बी चावा." हिरवट बी दाताला चिवट लागली आणि तोंड वाळलं. दुसऱ्या घडातली तपकिरी बी कुटकन फुटली, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. ऊन चढतं तशी साखर पळत सुटते आणि बी मागे रेंगाळते. साखरेकडे बघून तोडलं तर बी कच्ची, बीसाठी थांबलं तर अल्कोहोल डोक्यावर. ही कसरत तिला दरवर्षी करावी लागते म्हणे.

मऊपणाच्या बाकीच्या युक्त्या पटकन सांगतो. इनोकॉकस नावाचे जिवाणू कच्च्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल मोडून दह्यातलं लॅक्टिक आम्ल करतात, आंबटपणाची धार बोथट होते. काही कंपन्या थोडी साखर शिल्लक ठेवतात. लेबलवर 'स्मूद' लिहिलेल्या बाटलीबद्दल मला पहिला संशय तोच येतो. फ्रान्सच्या मादिराँ भागात तानात नावाचं भयंकर तुरट द्राक्ष होतं, तिथे पात्रिक द्युकुर्नो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वाइनमधून ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडायची पद्धत काढली.

आणि वय? पुस्तकं सांगतात की टॅनिनच्या साखळ्या वर्षानुवर्षं जोडल्या जाऊन लांब होतात, तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. पण आत्ताच आपण म्हणालो की साखळी लांबली तर तुरटपणा वाढतो! खरं तर आंबट वाइनमध्ये साखळ्या सतत तुटतात आणि पुन्हा जुळतात, टोकांना द्राक्षाचे रंगद्रव्य चिकटतं, ऑक्सिजनमुळे रेणू आतल्या आत गुंडाळला जातो आणि त्याचे हात आखडतात. हे सगळं वर्षांचं काम आहे. बाटलीच्या गळ्याला लावायचे चुंबक अर्ध्या तासात टॅनिन 'सरळ' करतात असं विकणारे आहेत. त्यांच्याकडून चुंबक घ्याच, फ्रिजवर लाइटबिल लावायला उपयोगी पडतात.

स्निग्ध पदार्थ मात्र खरंच कामाला येतात. २०१२मध्ये पॉल ब्रेस्लिन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सलामी (चरबीदार मांसाच्या चकत्या) खायला देऊन मध्येमध्ये तुरट पेयाचे घोट दिले. तुरटाने तुपकटपणा कमी वाटला, स्निग्धाने तुरटपणा. घोटागणिक तुरटपणा साचत जातो हेही त्यात दिसलं, कारण लाळ भरून यायला वेळ लागतो. तूप-पुरणपोळीच्या जेवणावर कात-सुपारीचा विडा का रुचत असेल, याचा माझ्यापुरता अंदाज मी इथून बांधला. अंदाजच आहे, आणि सुपारी कर्करोगकारक आहे हे पक्कं आहे.

त्या राठ वाइनची एक बाटली मेहुण्याने हट्टाने विकत घेतली होती. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाइन मऊ करायला २२५ लिटरच्या पिंपाला तीन ते सहा अंड्यांचा पांढरा भाग मीठ घालून फेटून ओततात. त्यातली प्रथिनं टॅनिन बांधून तळाशी नेतात. शाकाहारी मंडळींनी वाइन घेताना चौकशी करावी ती यासाठी. मी रात्री एका ग्लासात वाइन घेतली, फेटलेल्या पांढऱ्याचे चार थेंब सोडले आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवली. लगेच गढूळ झाली. सकाळी तळाशी जांभळट गाळ बसला होता, वरची वाइन नितळ. वरचा घोट मेहुण्याला दिला, शेजारी बाटलीतला साधा दिला. त्याने दोन्ही घेतले, पुन्हा पहिला घेतला, काच फिरवून ओघळ बघितले. दोन्हीकडे सारखेच होते.

"दाजी," तो म्हणाला, "बाटलीत किती अंडी लागतील?"

बोर्डोत उरलेल्या बलकांतूनच कानले नावाचे केक निघाले असं तिथले लोक सांगतात. आमच्याकडचा एक बलक बायकोने भुर्जीत टाकला.