पॉझिटिव्ह आलं, पण शरीरात गेलं कसं?

सायकलिंगमध्ये डोपिंगच्या टेस्टमध्ये कोणी पॉझिटिव्ह सापडला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो चोर आहे, दुसरा म्हणतो लॅबने घोळ घातला. मला वाटतं आधी मशीनने नक्की काय मोजलं ते बघायला हवं, कारण बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

२००६ ची टूर दि फ्रान्स घ्या. फ्लॉइड लँडिस १६ व्या स्टेजला पार कोलमडला, दुसऱ्याच दिवशी एकटा पुढे निघून मोर्झीनची स्टेज मारली, पुढे टूरही जिंकला, आणि मग त्याच स्टेजनंतरच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि त्याचाच भाऊ शोभेल अशा एपिटेस्टोस्टेरॉनचं प्रमाण ११ ला १ निघालं. बहुतेकांचं ते १ ला १ च्या आसपास असतं, मर्यादा होती ४ ला १. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की ते वाढतं पण त्याचा हा भाऊ वाढत नाही, म्हणून हे गुणोत्तर बघतात.

पण ही फूटपट्टी सगळ्यांना सारखी लागत नाही. यूजीटी२बी१७ नावाचं एक जीन काही लोकांत नसतंच, पूर्व आशियात तर खूप जणांत नसतं, आणि अशांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी उतरतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा पुरुषांना ५०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं तरी साधारण ४० टक्के जण ४ च्या वर गेलेच नाहीत! म्हणजे घेऊनही सुटणारे असतात, आणि न घेता काहींचं नैसर्गिकच जास्त असतं.

म्हणून कार्बनची टेस्ट करतात. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सहसा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यात जड कार्बन म्हणजे कार्बन-१३ जरासा कमी असतो, आणि शरीर स्वतः बनवतं त्यातला कार्बन सगळ्या मिश्र खाण्यातून आलेला असतो. मग दोन्हीतला फरक बघायला त्याच लघवीतलं, शरीराने स्वतः बनवलेलं दुसरं एखादं स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉन ज्या गटातलं तो गट) शेजारी ठेवतात. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण इथे तुलना दुसऱ्या कोणाशी नाही, त्याच माणसाच्या शरीराशी आहे.

लँडिसच्या केसमध्ये लवादाने गुणोत्तराची टेस्ट बाद धरली, लॅबने ती नियमाप्रमाणे केली नव्हती म्हणून, पण कार्बनची टेस्ट मान्य केली आणि २ विरुद्ध १ असा निकाल त्याच्या विरोधात गेला. टायटल ऑस्कर पेरेइरोला मिळालं. २०१० मध्ये लँडिसने डोपिंग केल्याचं कबूल केलं, पण त्या टूरमध्ये टेस्टोस्टेरॉन घेतलं नव्हतं हे मात्र तो सांगतच राहिला.

आल्बेर्तो कॉन्टाडोरचं प्रकरण वेगळंच. २०१० च्या टूरमध्ये त्याच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, एका मिलिलिटरमध्ये ५० पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. लॅबला जेवढं पकडता येणं सक्तीचं होतं त्याच्याही ४० पट कमी. इथे आकड्यावर वादच नव्हता, वाद होता आलं कुठून यावर. तो म्हणाला मांसातून, म्हणजे जनावराला दिलेलं औषध मांसात उतरलं असेल. क्रीडा लवादाला दूषित सप्लिमेंट जास्त शक्य वाटलं, पण कुठून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूचीच होती आणि या औषधाला किमान मर्यादाच नव्हती, त्यामुळे २ वर्षांची बंदी बसली आणि टायटल अँडी श्लेककडे गेलं.

२०१९ पासून नियम सैल झाला, क्लेनब्युटेरॉल एका मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅमच्या (म्हणजे ५००० पिकोग्रॅमच्या) खाली असेल तर थेट पॉझिटिव्ह न धरता ते मांसातून आलंय का याची आधी चौकशी होते. कॉन्टाडोरचा आकडा त्याच्या शंभराव्या भागाएवढा होता.